पांडुरंगरावांची दुसरी साक्ष

तेलंगणातल्या तलमडुगूहून आत गेलेल्या एका गावात पत्र्याच्या छपराचं छोटं चर्च आहे. रविवारची उपासना संपली तरी तिथल्या बाया उठायच्या नाहीत. वृषालीबाई बायबलचा वर्ग घ्यायच्या, त्यासाठी त्या बसून राहायच्या.

वृषाली गावच्या सरकारी शाळेत मास्तरीण. माहेर बौद्ध. देवानंदशी लग्न होऊन ती ख्रिस्ती घरात आली. या घरातल्यांनी बायबल लहानपणापासून ऐकलेलं होतं. तिनं ते पंचविशीत पहिल्यांदा वाचलं, तेही पेपर तपासायला बसावं तसं. त्यामुळे आजवर कुणाला न खटकलेलं तिला खटकलं. कबरेपाशी एका ठिकाणी एक देवदूत, दुसऱ्या ठिकाणी दोन. एका शुभवर्तमानात येशू शिष्यांना सांगतो, वाटेवर काठीही घेऊ नका. दुसऱ्यात सांगतो, काठी तेवढी घ्या. तिनं सासऱ्यांना विचारलं. दौलत म्हाताऱ्यानं सुपारी कातरता कातरता उत्तर दिलं, "दोघं असतीन त त्यात एक असनच ना, बाई."

तिथून ती सांधायला शिकली. कोण कुणाशी बोलतोय, कधी बोलतोय, कुणी काय गाळलंय, हे पाहत गेलं की दोन वचनं एकमेकांशेजारी बसायची. आदिलाबादहून येणारे पाळक सुधाकररावही अवघड प्रश्न आला की म्हणायचे, "वृषालीबाईले इचारा." शौल राजाचं मरण तिनं असंच समजावलं होतं. एका पानावर तो स्वतःच्या तलवारीवर पडून मरतो. पुढं एक तरुण येऊन सांगतो, मीच त्याला मारलं. वृषाली म्हणायची, तरुण खोटं बोलला, त्याला बक्षीस हवं होतं. खोटं बोलणाऱ्याला काहीतरी हवं असतंच.

देवानंद पिकअप चालवायचा, आदिलाबादच्या जिनिंगला कापूस नेऊन टाकायचा. गेलं वर्षभर त्याचं बोलणं आटत आलं होतं. गाडी दारात लावून तो आतच बसून राहायचा. दवाखाना झाला, गोळ्या आणल्या. त्या फळीवर पडून राहिल्या. "काऊन बसले?" असं तिनं विचारलं की म्हणायचा, "उतरतो न."

कापूस वेचणीच्या दिवसांत एका दुपारी शाळेत माणूस सांगत आला, देवानंद पांडुरंगरावांच्या विहिरीत सापडला. वृषाली फळ्यावर भागाकार सोडवत होती. तिनं उरलेला भाग पुरा केला, बाकी लिहिली, हात झटकले आणि मग ती निघाली. असं का केलं, हे तिला पुढेही कधी सांगता आलं नाही.

पांडुरंगरावांनी पोलिसांना तेलुगूत सांगितलं, "कालु जारिंदि." पाय घसरला. पंचनाम्यात तसंच लिहिलं गेलं. मढं दुसऱ्या दिवशी घरी आलं. बाया रडत होत्या. वृषालीला सगळं ऐकू येत होतं, पण पलीकडच्या गल्लीत कुणाच्या तरी घरी चाललेलं असावं तसं.

सुधाकररावांनी तिला मागच्या आवारात बोलावलं. दौलत तिथंच रांजणाला टेकून बसला होता.

"बाई, पांडुरंगराव माह्याजवळ येगळंच बोलले," पाळक हळूच म्हणाले. "देवानंद काठावर बसला होता म्हने. यायनं हाक मारली. त्यानं वळून पायलं, अन् मंग सोताच गेला. आपल्या मंडळीचा जुना दंडक तुमाले मालूम हाय. असं मरन असलं त कबरस्तानाच्या कंपाउंडाच्या आत मातीत ठेवत नाही. पोलिसाइले एक सांगतलं, मले एक. तुमीच सांगा, जुळते का हे दोन्ही?"

वृषालीच्या डोक्यात ते तेव्हाच जुळलं. काठावर बसला होता, हाक ऐकून वळला, वळताना पाय घसरला. दोन्ही साक्षी जागच्या जागी राहत होत्या. पाळकांना हेच हवं होतं, हेही तिला दिसलं. त्यांना फाटक बंद करायचं नव्हतं. तिनं एक वाक्य बोलायचं, एवढंच बाकी होतं.

"जुळते," ती म्हणाली. "पन मी नाही जुळवत."

"काऊन?"

"मी तिथं नव्हती."

वृषाली वर्गात बोलावं तशा सपाट आवाजात पुढं बोलली, "शौल सोताच्या तलवारीवर पडला. तरी याबेश गावची मानसं रातभर चालत गेली. शत्रूनं त्याचं मढं भिंतीले टांगलं होतं, ते काहाडून आनलं, हाडं झाडाखाली पुरली. कसा मेला, हे त्यायनं कोनाले इचारल्याचं लिहेल नाही."

"येशूले धरून देनाऱ्या यहूदाचं बी लिहेल हाय, बाई. त्यानं फाशी घेतली, त्याच्या नावावर रक्ताचं शेत राह्यलं."

"हो. ते बी लिहेल हाय."

दौलत रांजणाला धरून उठला.

"पडला असन तरी माहा, उडी घेतली असन तरी माहा," तो म्हणाला. "तुमी ठरवत बसा, पाळकसाहेब. मी खड्डा खनतो."

आणि तो कुदळ घेऊन खरोखरच निघाला. सत्तरी ओलांडलेला माणूस, चप्पलही घातली नाही. पाळकांनी मनगटावरचं घड्याळ काढून खिशात टाकलं आणि त्याच्या मागे गेले. माती टणक होती. दोघांनी आळीपाळीनं खणली. देवानंदला कंपाउंडाच्या आत ठेवलं. प्रार्थनेत पाळकांनी तो कसा गेला याबद्दल अवाक्षर काढलं नाही. दोन घरांनी पुढं चर्चला येणं सोडलं. वृषालीला ते कळलं, आणि कळून तिथंच राहिलं.

काही दिवसांनी पांडुरंगराव आले. ओसरीवर बसून टोपी गुडघ्यावर फिरवत राहिले.

"पोलिसाइले सांगतलं ते तुमच्यासाठी," ते म्हणाले. "लोकं तुमाले बोलतीन म्हनून. पाळकाइले सांगतलं ते माह्यासाठी. पोटात राहून नव्हतं राह्यलं. मी हाक मारली नसती त गेला नसता का, बाई?"

खोटं बोलणाऱ्याला काय हवं असतं, हे तिनं इतकी वर्षं शिकवलं होतं. या माणसाला त्या खोट्यातून स्वतःसाठी काहीच नको होतं. तिनं चहा पुढं केला. काहीतरी बोलायला हवं, एवढं तिला कळत होतं.

"तुमी हाक त मारली," ती म्हणाली. "बाकी कोनी मारली नाही. मी बी नाही."

पांडुरंगराव चहा न पिता रडले. ती कप निवताना पाहत राहिली.

नाताळ होऊन गेल्यावर पाळकांच्या सांगण्यावरून तिनं वर्ग पुन्हा धरला. त्या रविवारी चंपाबाईनं विचारलं, "बाई, येशूच्या वंशावळीत योसेफाच्या बापाचं नाव एका जागी याकोब हाय, दुसऱ्या जागी एली. असं कसं?" याचं उत्तर वृषालीनं पूर्वी अनेकदा दिलं होतं. ते आताही जिभेवर आलं, पण नुसतं शब्दांसारखं, आत काही न हलता.

"नाही जुळत," ती म्हणाली.

"मंग?"

"मंग काही नाही. दोन्ही वाचू."

त्यांनी दोन्ही वंशावळ्या मोठ्यानं वाचल्या. नावं लांबलचक होती; बायांची जीभ अडखळली, दोघीतिघी हसल्या. कुणी उठून गेलं नाही. वाचून झाल्यावर चंपाबाईनं पुस्तक कपाळाला लावलं आणि शेळ्या सोडायला गेली.

वृषाली घरी आली तेव्हा दौलतनं वरण-भाकरी करून ठेवली होती. देवानंद गेल्यापासून स्वयंपाक त्यानंच अंगावर घेतला होता. ती जेवायला बसली. दुसऱ्या घासाला थांबली.

"मामाजी, वरण खारट झालं."

"रोजच होऊन राह्यलं," दौलत म्हणाला. "तुले आज समजलं."

त्यानं तिच्या ताटात थोडं पाणी ओतलं, आणि ती पुढं जेवू लागली.