शिंप्याचं नाव शहरात

गावच्या दवाखान्यातल्या नर्सबाई एचआयव्हीच्या प्रत्येक पेशंटला दूरच्या शहरात नाव नोंदवायला लावत. शिंप्यालाही त्या म्हणाल्या होत्या, "दादा, इथे नाव नको. लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार?"

दर महिन्याला औषधासाठी दोन बस बदलून शिंपी थकला, त्याने गोळ्या सोडल्या आणि वर्षाच्या आत गेला. मग बाई पदर खोचून आरोग्य खात्यातल्या मोठ्या साहेबांकडे गेल्या आणि आमच्या भागाला औषधांचं केंद्र द्याच म्हणून भांडल्या.

साहेबांनी नोंदींचा कागद पुढे सरकवला. "बाई, तुमच्याकडे एकही पेशंट नाही. केंद्र कुणासाठी उघडू?"

बावीस वर्षं तो कागद बाईंनीच जिवापाड कोरा ठेवला होता. शिंप्याचं दुखणं खरंच कुणाला कळलं नाही, साहेबांनाही नाही.