लेझीम काठावर थांबते
शिलाई मशीनच्या तेलाचा वास आला की रहिमतपूरजवळचा झुलता पूल आठवतो. दुसरी मोठी लढाई संपली त्या साली आमचे हे तिथे इंजिनिअर होते. पूल बांधण्याआधी यांनी ओसरीवर त्याचा तारा-बांबूचा हातभर नमुना केला, त्याला माझं मशीन जोडलं आणि मला हँडल फिरवायला बसवलं. जोरात फिरवलं तेव्हा नमुना नुसता थरथरला. वेग जरा उतरला तशी उसळ्याच मारू लागला. “खरा पूल याहून सावकाश ठेक्यावर असाच उसळेल, नेमका लेझमीच्या पावलांच्या,” हे म्हणाले आणि पुलावर लेझीम नको असं गावाला कळवलं. पाटील तणतणत आले, “आवं सायेब, देवाम्होरं लेझीम न्हाई म्हंजी?” मी पुन्हा हँडल फिरवलं, नमुना बघून त्यांनी स्वतःच गावात ताकीद दिली. आता तिथे सिमेंटचा पूल आहे, तरी पालखी आली की लेझीम काठावर थांबते. परवा एका लेझीमवाल्याला कारण विचारलं, तर म्हणाला, “पुलावर देव निजतो, आजी. लय जुनी रीत हाय.”