काकांच्या फोल्डरमधला कचरा

ही गोष्ट माझ्या नवऱ्याला माहीत नाही. बहिणीला नाही. दुकानात नऊ वर्षं माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसणाऱ्या शबानालाही नाही. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही — म्हणजे हेही भित्रेपणाचंच कारण झालं. असू द्या. मी कशी आहे ते पुढे कळेलच.

हैदराबादेत विद्यानगरला माझं कम्प्युटरचं छोटं दुकान आहे. आमच्या गल्लीत मला 'छोटे डब्बेवाली आपा' म्हणतात. मी कामाला लागले तेव्हा डेस्कटॉप म्हणजे टेबलाखाली उभा केलेला लोखंडी कॅबिनेट असायचा. त्याची बाजू उघडली की आत धुळीची गादी, एकदा तर पालीची अंडी. वर तो मागून फुगलेला मॉनिटर, जो उचलताना कंबर धरायची. मग मॉनिटर चपटे झाले. कॅबिनेट आडवे झाले, मग जाडजूड पुस्तकाएवढे. आणि एक दिवस हायटेक सिटीतल्या कंपन्यांनी काढून टाकलेले ते तळहाताएवढे डबे बाजारात आले — मॉनिटरच्या पाठीला चार स्क्रूंनी लावा, टेबल मोकळं. स्वस्त, आवाज नाही, वीजही कमी. मला त्या डब्यांचं वेडच लागलं. ओळखीच्या घराघरांतून मी जुने कॅबिनेट हौसेनं हलवले.

पण डबा लहान, तशी त्यातली जागाही लहान. जुन्या मशीनमध्ये वर्षानुवर्षं साठलेलं सगळं त्यात मावायचं नाही. म्हणून मी माझा एक नियम केला होता — नवीन घरात जुना कचरा न्यायचा नाही. फोटो घ्यायचे, बँकेचे कागद घ्यायचे, गाणी घ्यायची. बाकी काय ठेवायचं ते मी ठरवायची. लोकांना विचारत बसले तर ते म्हणणार, सगळंच ठेवा. मग विचारायचं कशाला? आणि बदल्यात जुनी डिस्क मी घेऊन जायची, पुसायची, आणि कुणाच्या तरी दुकानातल्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यांच्या रेकॉर्डिंगच्या डब्यात बसवायची. स्वस्तातल्या कामाची आमची रीतच ती, डिस्क वाया घालवायची नाही.

आता सोनकांबळे काका.

ते तारनाक्याला राहायचे. रेल्वेच्या ऑफिसातून रिटायर झालेले, माझ्या वडिलांचे दोस्त, दोघंही नांदेडकडचे. रिटायर झाल्यावर काकांनी एकच काम हातात घेतलं होतं. मराठवाड्यातून हैदराबादला आलेली आपली माणसं — कोण कसं आलं, बरोबर काय आणलं, पहिली नोकरी कुठली, खोली कुणी दिली, आणि आडनाव ऐकून कुणी दिली नाही — हे सगळं ते घरोघरी जाऊन ऐकायचे, वहीत उतरवायचे आणि घरी येऊन दोन बोटांनी टाइप करायचे. सहा वर्षं. एक घर टाइप झालं की ती वही रद्दीत. कम्प्युटरमध्ये गेलं म्हणजे पक्कं झालं, असा त्यांचा विश्वास होता. कम्प्युटरवर विश्वास ठेवायला त्यांना कुणी शिकवलं होतं? मीच. माझे वडीलही तीन दुपारी त्यांच्यासमोर बसून बोलले होते. काय बोलले ते आम्हाला घरी कधी सांगितलं नाही.

काकांचा कॅबिनेट फार जुना झाला होता. मी त्यांना डबा आणून दिला. जुनी डिस्क काढून वायरनं नव्या डब्याला जोडली आणि एकेक फोल्डर बघायला लागले. नातवंडांचे फोटो घेतले. पेन्शनचे कागद घेतले. मग एक मोठा फोल्डर आला. त्यातल्या दोनतीन फायली उघडल्या — आत नुसता इंग्रजी अक्षरांचा पसारा. कंस, अर्धविराम, मधेच एखादा आकडा, अर्थ कशालाच नाही. त्या दिवसांत व्हायरसनं लोकांच्या फायली अशाच नासायच्या. मी म्हटलं, गेल्या या.

ते मराठी होतं. पूर्वी मराठी टाइप करायला वेगळे फॉन्ट असायचे. तो फॉन्ट मशीनमध्ये असला तर मराठी दिसायचं, नसला तर हा असा पसारा. जुन्या मशीनमध्ये होता, नव्या डब्यात नव्हता. एवढंच. माझी शाळा इंग्रजी, मराठी मी घरात शिकले, पण तोवर कम्प्युटरवर मराठीची एक ओळही मी कधी टाइप केली नव्हती. ही सबब म्हणून सांगत नाही. कारण काका आतल्या स्वयंपाकघरात होते. माझ्यासाठी चहा टाकत होते. एक हाक मारायची होती — काका, हे काय आहे? मला घाई होती का? नव्हती. हाक मारायची सवय नव्हती, बस. कचरा काय ते मी ठरवायची.

चहा प्यायले. डिस्क पिशवीत टाकली; त्यात काय राहतं ते काकांना ठाऊक नव्हतं. दुसऱ्या दिवशी ती पुसून गौलीगुड्यातल्या एका कापडदुकानात कॅमेऱ्यांच्या डब्यात बसवली.

आठ दिवसांनी काकांचा फोन आला, लिखाणाचा फोल्डर सापडत नाही. मी गेले. जुन्या मशीनवरून त्यांनी पूर्वीच पहिल्या तीस पानांची प्रिंट काढून ठेवली होती, ती माझ्यासमोर धरली आणि कोणत्या फॉन्टमध्ये टाइप केलं होतं ते सांगितलं. त्या क्षणी मला सगळं कळलं. अगदी सगळं. आणि मी — इथे मी कितीदा तरी थांबले आहे, लिहिताना नव्हे, मनातल्या मनात, इतकी वर्षं — मी म्हणाले, "काका, मी तर सगळं कॉपी केलं होतं. फोल्डर होता. तुमच्याकडूनच चुकून डिलीट झालं असेल. शिफ्ट दाबून डिलीट केलं की परत येत नाही."

काका आपल्या बोटांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "हौ पोरी. परवा मी कायतरी दाबलं खरं."

त्यांनी काहीही दाबलं नव्हतं. दाबायला तिथे काही नव्हतंच.

तुम्हाला वाटेल, घाबरून तोंडातून निघून गेलं असेल. पहिलं वाक्य निघून गेलं असेलही. पण पुढचं ऐका. कॅमेऱ्याचा डबा डिस्कवर हळूहळू चित्रं भरत जातो. आठ दिवसांत ती भरली नव्हती. त्याच दुपारी गौलीगुड्याला जाऊन मी ती काढून आणली असती, तर सगळं नाही, पण बरंचसं परत आलं असतं. हे काम मला येतं. लोकांचे पुसलेले लग्नाचे फोटो मी परत काढून दिले आहेत. मला ते माहीत होतं, काकांच्या जिन्यावरून उतरतानाच माहीत होतं. पण डिस्क आणायची म्हणजे ती माझ्याकडे होती, मी पुसली होती, आणि आत्ताच मी खोटं बोलले, हे सांगावं लागणार. मी गेले नाही. दुसऱ्या दिवशी नाही, त्या आठवड्यात नाही. महिन्यानं त्या कापडदुकानावरून गेले, आत कॅमेरा चालू होता. सहा वर्षांच्या बोलण्यावर गिऱ्हाइकांची येजा लिहिली जात होती, आणि मी तिथून ब्लाउजपीस घेऊन घरी आले.

काकांनी परत लिहायला घेतलं नाही. कुणाकडे जाणार? बोललेल्यांतले निम्मे तोवर गेले होते. माझे वडीलही त्याच वर्षी गेले. आणि काकांचा स्वतःवरचा भरवसाच उडाला. डब्याचं बटण दाबायलासुद्धा शेजारच्यांना बोलवायचे. गॅस बंद केला का ते तीनतीनदा बघायचे. त्यांची मुलगी पुण्याहून आली, त्यांना विसरण्याच्या आजाराच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टरनं घड्याळ काढायला सांगितलं, उलटे आकडे म्हणायला सांगितले. काकांनी मला ते हसत सांगितलं, आणि म्हणाले, "डॉक्टर बोलला कुछ नै है. पण पोरी, एवढं मोठं काम मी माझ्या हातानं उडवलं, मग काय नै कसं?"

तेव्हा सांगता आलं असतं. समोर ते, समोर मी, खोलीत तिसरं कुणी नाही. मी म्हणाले, "काका, वयामुळं होतं असं."

होय. मी हे म्हणाले. त्यांच्याच घरात, त्यांचाच चहा पीत.

पुढे मी त्यांचा डबा आणखी एकदा बदलला, आणखी छोटा आणून दिला. काका खुर्चीत मागे सरकून बसले होते, हात मांडीवर. म्हणाले, तूच कर सगळं, मी लांबच बरा. मी केलं. त्या वेळी मात्र प्रत्येक फाईल त्यांना विचारून घेतली. विचारायला त्यात फक्त फोटो होते.

त्यानंतर वर्षभरानं जयंतीला आमच्या समाजमंदिरात वाचनालय सुरू झालं. तिथले तीन डबे मी दिले होते. कार्यक्रमात काका बोलायला उभे राहिले. समोर त्या घरांतली माणसं बसली होती, ज्यांच्या आईवडिलांनी काकांना सगळं सांगितलं होतं. काकांनी माईक दोन्ही हातांनी धरला आणि म्हणाले, तुमच्या घरच्यांनी विश्वासानं सांगितलेलं माझ्या हातून गेलं, मला माफ करा. त्यांनी हात जोडले. बाया डोळे पुसत होत्या. माझी आई माझ्या शेजारी बसली होती, तीही रडत होती. मग काका म्हणाले, या पोरीनं मात्र माझ्यासाठी फार धडपड केली, तिचा सत्कार माझ्या हातून होऊ द्या.

मी उठले. पुढे गेले. त्यांनी माझ्या खांद्यावर शाल घातली. मी वाकून त्यांच्या पाया पडले, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि मी जागेवर येऊन बसले.

काका आता नाहीत. शेवटपर्यंत त्यांना वाटत राहिलं की ते त्यांच्या बोटांनी झालं. त्यांच्या मुलीला आजही तेच वाटतं, माझ्या आईला तेच वाटतं, त्या मंदिरातल्या सगळ्यांना तेच वाटतं. सोनकांबळे काकांच्या हातून काहीही गेलं नव्हतं. मी टाकलं. मी पुसलं. आणि परत आणता येत होतं तेव्हा मी आणलं नाही.