भाड्याचा मामा

"ए बाई, मागे सरक. मासळीचा वास येतोय."

कोर्टातल्या कारकुनाने नाकाला रुमाल लावला. रांगेतली माणसं हसली. ही कालचीच गोष्ट. मी धाकट्या भावाला जामीन राहायला गेले होते. मुलुंडच्या बाजारात पालिकेचे अतिक्रमणवाले माझी मासळीची पाटी उचलून नेत होते, ती त्याने हिसकून घेतली. धक्काबुक्की झाली. सरकारी कामात अडथळा म्हणून त्याला पकडलं. मॅजिस्ट्रेटनी जामीन मंजूर केला, पण जामीनदार हवा. कोर्ट उठायच्या आत तो मिळाला नाही, तर भावाची रवानगी जेलात.

"मी राहते ना," म्हणत मी कोळीवाड्यातल्या घराचे कागद पुढे केले. कारकुनाने हात लावला नाही.

"मासे विकणारीची पत काय? घरात कुणी नोकरीवाला पुरुष नाही?"

अंगाचा तिळपापड झाला. तरी कागद परत पिशवीत ठेवले. भाऊ अडकला होता.

आमच्या वकिलाने मला बाहेर टपरीपाशी नेलं. तिथे इस्त्रीच्या शर्टातला एक माणूस उभा होता. पैसे घेऊन रोज कुणाचा ना कुणाचा जामीनदार व्हायचं, हाच त्याचा धंदा. त्याने भावाचं नाव विचारलं, बापाचं विचारलं, पुटपुटत पाठ केलं. म्हणाला, "मी मामा आहे म्हणून सांगतो. मामा चालतो."

आमचा मामा खाडीत बुडून मेला. आई गेल्यावर त्यानेच आम्हाला जगवलं होतं. आता हा परका शपथेवर मामा होणार, त्याचा शब्द खरा. आणि मामा गेल्यावर ज्या बहिणीने पोराला वाढवलं, तिला पत नाही! आधी शरम वाटली. मग त्या शरमेचीच चीड आली.

"नको," मी म्हटलं.

"वेडी झालीस? आज सुटेल ना तो!" वकील ओरडला.

मी सरळ कोर्टात शिरले. भाऊ पोलिसाशेजारी बाकावर बसला होता.

"साहेब, मी याची बहीण. मला जामीन राहायचंय. माझे कागद घेत नाहीत. नाही म्हणायचं तर तुम्ही म्हणा, आणि तसं लिहून द्या."

मॅजिस्ट्रेटनी कागद मागवले, चाळले. पोलिसांना घराची पडताळणी करायला सांगितलं. ती होईपर्यंत भाऊ जेलात.

"ताई, घ्यायचा ना कुणी भाड्याने! सगळे घेतात," पोलिसांच्या गाडीत चढताना तो रडत म्हणाला.

काळीज फाटलं माझं. तो मला शिव्या देत असेल. देऊ दे. पोलीस येतील तेव्हा दारात मी उभी राहणार. शपथ घ्यायची वेळ येईल तेव्हा जामीनदार म्हणून माझंच नाव लागणार, दुसऱ्या कुणाचं मी लागू देणार नाही.