भावोजींनी न पाहिलेले भयपट

माझ्या भावोजींचं केस कापायचं दुकान आहे. दोन खुर्च्या, एक लांब आरसा आणि आरशाच्या कोपऱ्यात खोचलेला पुठ्ठा : 'बघण्यासारखे भयपट'. सिनेमांची नावं त्यांच्या लक्षात राहत नाहीत, म्हणून यादी भुतांवरून केलेली. जिन्यावरची बाई. पेटीतला म्हातारा. गच्चीवरच्या जुळ्या. पुढे दहापैकी गुण, आणि आठच्या खाली कोणीच नाही.

हा नाद धंद्यातून लागला असं ते सांगतात. राजकारण काढलं की गिऱ्हाईक मान हलवतं, खेळाचं काढलं की हात उडवतं आणि रक्त निघतं. भूत काढलं की माणूस पुतळ्यासारखा बसतो. दाढी एकदम गुळगुळीत.

आता घरातलं बाहेर सांगू नये, पण मला राहवत नाही. बावीस वर्षांत भावोजींनी एकही भयपट पाहिलेला नाही. जातात सगळ्यांना. दिवे गेले की डोळे घट्ट मिटतात, एका कानात बोट घालतात आणि दुसरा कान ताईच्या तोंडाशी नेतात. माझी ताई औषधांच्या दुकानात कामाला आहे आणि तिच्या धीटपणाचे गोडवे सगळा मोहल्ला गातो. ती हळू आवाजात सगळं सांगत जाते. बोट लावूनही किंकाळी ऐकू आलीच तर भावोजी दचकून विचारतात, "काय झालं गं?"

"काही नाही हो. आनंदाने ओरडली. मुलगा सापडला तिचा."

त्यामुळे भावोजींच्या गोष्टीतली भुतं फार सज्जन. पेटीतल्या म्हाताऱ्याला जुना खोकला होता, घरच्यांनी औषध दिलं, तो आशीर्वाद देऊन गेला. सिनेमा पाहून आलेलं एखादं गिऱ्हाईक चुळबुळायचं, पण भावोजी म्हणायचे, "तुम्ही नीट बघितला नाहीत." मानेवर वस्तरा असताना वाद कोण घालणार?

घातला तो हेडमास्तरांनी. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली, तरी पेपर तपासायची खोड गेलेली नाही. एका सकाळी दाढी करून घेतली, खुर्चीतून उतरले, तोंड पुसलं आणि मग म्हणाले, "पेटीतला म्हातारा मी काल पाहिला. तो शेवटी अख्खं कुटुंब खातो. खोकल्याचं नावसुद्धा नाही."

दुकानात सगळे हसले. भावोजींचं तोंड एवढंसं झालं.

"रविवारी दुपारी नवा लागतोय," हेडमास्तर म्हणाले. "तुम्हीही या, मीही येतो. बाहेर आल्यावर एकच प्रश्न विचारीन. चुकलात, तर मी आणि माझी फिरायला येणारी मंडळी दुसऱ्या दिवसापासून समोरच्या दुकानात."

हेडमास्तर धरून ती मंडळी अकरा, सगळे रोज दाढी करणारे. म्हणजे निम्मा धंदा. भावोजींनी मला बाजूला घेतलं. "या वेळी डोळ्यांत तेल घालून बघणार. तू शेजारी बस. डोळे मिटले तर चिमटा काढ."

रविवारी आम्ही तिघं एका रांगेत, मध्ये भावोजी. हेडमास्तर आमच्या पुढे, वही घेऊन. सिनेमा एका मेलेल्या नर्सचा होता. मी सात चिमटे काढले. आठव्याची गरज पडली नाही. भावोजींचे डोळे एवढे उघडले की मिटायचे विसरले. पडद्यावर नर्स डॉक्टरांच्या मागे करवत घेऊन धावत होती. शेजारून ताई सांगत होती, "आता ती त्यांना गोळ्या देतेय. जेवणानंतर घ्या म्हणतेय."

भावोजींनी मान वळवली. मीही वळवली.

ताईने पर्स तोंडावर उभी धरली होती आणि पर्सच्या मागे डोळे गच्च मिटले होते. कपाळावर घाम. "घाबरू नका हो," ती म्हणत होती, "नर्स मुळात चांगली आहे."

माझी ताई! बावीस वर्षं! मला असं हसू फुटलं की रुमाल तोंडात कोंबावा लागला. भावोजी मात्र हसले नाहीत. ते तिच्याकडे बघत राहिले. मग पडद्याकडे वळले आणि उरलेला सिनेमा, पांढरेफटक पडून, पूर्ण पाहिला.

बाहेर ऊन होतं. हेडमास्तरांनी वही उघडली. मागे त्यांची दोन-चार मंडळी. "सांगा, शेवटी नर्सने डॉक्टरांचं काय केलं?"

करवतीने मुंडकं उडवलं आणि ट्रेमध्ये ठेवून सगळ्या वॉर्डात फिरवलं. भावोजींनी पाहिलं होतं, तोंड उघडलंही होतं. पण तेवढ्यात ताई म्हणाली, "सांगा की! आत्ताच तर सांगितलं मी तुम्हाला." आणि इतक्या विश्वासाने त्यांच्याकडे बघायला लागली की मीच मान खाली घातली.

भावोजी म्हणाले, "डॉक्टरांनी चूक कबूल केली. तिने माफ केलं. मग दोघांनी चहा घेतला."

"शून्य," हेडमास्तर म्हणाले आणि वही मिटली. मंडळी हसत हसत पांगली.

"काय कळतं त्यांना सिनेमातलं!" ताई फणकारली आणि तरातरा पुढे निघाली.

मी भावोजींना गाठलं. मला खरंच राग आला होता. "येत होतं ना उत्तर? अकरा गिऱ्हाइकं गेली!"

"गेली तर गेली." ते ताईच्या पाठीकडे बघत म्हणाले, "अरे, स्वतः एवढी घाबरत असून तिने माझ्यासाठी इतके सिनेमे रचले. त्यातला एक चारचौघांत खोटा पाडू?"

थोडं चालल्यावर त्यांनी माझा हात घट्ट धरला आणि हळूच म्हणाले, "ते मुंडकं ट्रेमध्ये डोळे मिचकावत होतं रे." दुपारचे साडेचार वाजले होते, रस्ता माणसांनी भरलेला होता, आणि घर येईपर्यंत त्यांनी माझा हात सोडला नाही.