घाट चढवणाऱ्या आम्ही दोघी

माझं माहेर अणशीचं. तिथं रान, भाताची खाचरं आणि वळणं घेत येणारी बस. रेल्वे मी जवळून बघितली ती लग्न होऊन कॅसलरॉकला आल्यावर. आमचं घर रुळांच्या वरच्या अंगाला आहे. नवी नवरी म्हणून परसात भांडी घासत बसले होते आणि खालून गोव्याकडची मालगाडी घाट चढून आली. पुढं इंजिनं, मग कोळशाचे डबेच डबे, आणि आता संपली गाडी म्हणेपर्यंत शेवटाला परत इंजिनं. मी राखेच्या हातांनी तशीच कठड्याशी जाऊन उभी राहिले.

"आत्ती, मागं कशाला इंजिनं?" मी सासूला विचारलं.

"ढकलाय. चढ केवढा हाय. एकट्या फुडच्याला वढत न्हाई." आत्तींचा सगळा जन्म रुळांशेजारी गेलेला. पाणी उतारानं वाहतं हे सांगावं तितक्या सहज त्यांनी ते सांगितलं. मला मात्र ती गाडी डोक्यातून जाईना. शिलाई मशीनवर बसले की कान खाली लागलेले. वर येणारी कुठली, उतरणारी कुठली, भरलेली की रिकामी, हे हळूहळू न बघता कळायला लागलं.

नवऱ्याचा टेंपो आहे. रामनगर, लोंढा, कधी बेळगाव अशी भाडी असतात. बेळगावच्या एका हौशी गृहस्थांचं सामान हलवताना त्याला एक खोकं दिसलं. त्यांना आता नजरेमुळं बारीक काम जमत नव्हतं. त्यांनी ते देऊन टाकलं आणि खोकं टेंपोतून आमच्याकडं आलं. आत वीतभर लांबीची दोन इंजिनं, मालगाडीचे डबे आणि रुळांचे तुकडे. त्या दिवशी माझ्या हातून एका गिऱ्हाइकाच्या ब्लाउजची बाही उलटी शिवली गेली.

खेळण्यासारखी गोल गोल फिरणारी गाडी मला नको होती. मला आमचा घाट हवा होता. मागच्या पडवीत प्लायवूडचे चार भाग जोडून मी सुरुवात केली. जुनी पोती प्लास्टरमध्ये भिजवून डोंगर केले. परसातली तांबडी माती चाळून त्यावर टाकली. दूधसागर धबधबा केला तो एका ख्रिस्ती गिऱ्हाइकाच्या लग्नाच्या झग्यातून उरलेल्या पांढऱ्या जाळीचा, वर गोंदाचे थर देऊन. वळणं आणि बोगदे नीट लक्षात राहावेत म्हणून गाडीच्या खिडकीत बसून घाटाखालच्या कुळ्यापर्यंत कितीदा तरी गेले-आले. चढसुद्धा खराच ठेवला: सदतीस हात पुढं गेलं की एक हात वर. शिंप्याची टेप घेऊन मी तो परत परत मोजला.

"काय करालीस गं ही खेळणी?" आत्ती येता-जाता म्हणायच्या. "त्यापरीस पडवीत नारळ तरी ऱ्हायले असते."

आणि गाडी काही चढेना. रिकामे डबे लावले तरी पहिल्या वळणावर इंजिनाची चाकं जागच्या जागी फिरायची. फोनवर ओळख झालेले, असल्याच गाड्यांचा नाद असलेले हुबळीचे एक छंदिष्ट म्हणाले, चढ निम्मा करा. नवराही म्हणाला, "जरा सपाट कर की. कोण बघाय येतंय?"

"मी बघते न्हवं," मी म्हटलं.

मग खऱ्या घाटात करतात तेच करायचं ठरवलं. दुसरं इंजिन मागं लावलं. पण मागचं जास्त जोरकस निघालं. ते ढकलायचं आणि वळणावर मधले डबे दरीत. हुबळीच्या त्यांनीच मग युक्ती सांगितली. प्रत्येक इंजिनात नखाएवढी चिप बसवायची, म्हणजे दोघांचा वेग दोन रिमोटवर वेगळा राखता येतो. ते काम भिंग लावून मी पुरं केलं. तरीही जमेना. पुढचं बघावं तर मागचं बोगद्यात, मागचं बघावं तर पुढचं सुटलेलं.

एकदा लोंढ्याहून दोरे-अस्तर घेऊन घरी आले तर पडवीतून इंजिनाची घरघर ऐकू आली. नवरा भाड्यावर गेलेला. दार हळूच लोटलं. आत्ती पाटावर बसलेल्या, पदर खोचलेला, हातात रिमोट. मागचं इंजिन पुलावरनं खाली-वर, खाली-वर. मला बघून दचकल्या.

"धूळ झाडाय आले हुते," त्या म्हणाल्या. इंजिन मात्र थांबवलं नाही.

मी पिशवी तिथंच टाकली, पुढचं इंजिन डब्यांना जोडलं आणि म्हटलं, "आत्ती, मागचं तुमच्याकडं."

त्यांनी मान हलवली, जसं काही हे कधीचंच ठरलेलं होतं.

आम्ही रोज दुपारी सराव करायला लागलो. घाटातल्यासारखीच खूण ठेवली. मी तोंडानं 'कूऽ' करायचं, त्यांनी उलट 'कूऽ' करून मगच जोर लावायचा. पहिले काही दिवस डबे सांडले, भांडणं झाली. "तू वढायच्या आदीच कू करतीस!" "तुम्ही दम धरा की जरा!" शेजारची बाई भाजी द्यायला आली ती घाबरून परत गेली. आणि एका दुपारी सगळी रिकामी गाडी एकही डबा न सांडता वर आली. आत्तींनी माझ्या पाठीत असा धपाटा घातला की अजून आठवतो.

शाळेच्या स्नेहसंमेलनाला बाईंनी घाट मांडायला बोलावलं. चारही भाग टेंपोतून नेले. सगळं गाव लोटलं. ज्यांचे कपडे मी शिवते त्या बायका, रुळांवर काम करणारी माणसं, आणि सुट्टीवरचे एक इंजिनचालक. त्यांनी वाकून चढ न्याहाळला आणि हसत म्हणाले, "अक्का, रिकामी गाडी कोणबी चढवील. भरून चढवा की!"

भरून आम्ही कधीच चालवली नव्हती. मी आत्तींकडं बघितलं.

"भर," आत्ती म्हणाल्या.

बायकांनी मैदानातली बारीक खडी वेचून डबे भरले. मी 'कूऽ' केलं. मागून उत्तर आलं. गाडी हलली, पहिलं वळण, बोगदा. दूधसागरच्या पुलावर माझ्या इंजिनाची चाकं जागीच फिरायला लागली. गाडी थांबली. मी वेग उतरवला, श्वास घेतला आणि पुन्हा 'कूऽ' केलं.

"कूऽऽ!" आत्तींचा आवाज शाळेच्या कौलांपर्यंत गेला. डबे एकामागून एक खटखट करत एकमेकांना भिडले. त्यांनी घाई केली नाही. गाडी मुंगीसारखी सरकली, पूल सुटला, वरचं वळण आलं आणि खडीनं भरलेली आख्खी गाडी कॅसलरॉकच्या फलाटाला लागली.

मग जो कल्ला झाला! शिट्ट्या, टाळ्या, कुणीतरी खरंच ढोल बडवला. इंजिनचालक पुढं आले आणि त्यांनी आम्हा दोघींना कडक सलाम ठोकला. "आम्ही असंच चढवतो, बगा," ते म्हणाले. "एक कणभरबी इकडं-तिकडं न्हाई." आत्तींनी त्यांचा सलाम तसाच कडक परत केला. दिवस मावळेपर्यंत लोक परत परत गाडी चढवायला लावत होते, आणि प्रत्येक वेळी ती चढली.

रात्री जेवायला बसलो. मी भात वाढायला वाकले तशा आत्ती म्हणाल्या, "फुडचं इंजिन आता मी घेणार. मागं तू बस."

"व्हय आत्ती," मी म्हटलं. नवरा ताटावर वाकून हसत होता.