बाईंच्या कपाटातला दहावा तुकडा

पियानोच्या बाईंना सगळी गल्ली मागून तुरटी म्हणायची आणि बाईंना ते ठाऊक होतं. त्याचं त्यांना काही नव्हतं. गोड बोलणारी माणसं मात्र त्यांना डोळ्यांसमोर चालत नसत.

शिकवायला त्यांच्याकडे पुस्तक एकच. जुन्या काळच्या कुणा संगीतकाराने लिहिलेले दहा छोटे तुकडे. प्रत्येक तुकडा म्हणजे एकेक माणूस, नाहीतर दिवसातली एखादी वेळ: फुशारक्या मारणारा शिपाई, रुसलेली मुलगी, दुपारची डुलकी, चिमणी. लिहिणाऱ्याने बिचाऱ्याने मायेने लिहिले असतील. बाई ते शिक्षा वाटाव्यात तसे वाटून देत. नवा विद्यार्थी आला की त्याला चार सूर वाजवायला लावायचे, डोक्यापासून पायापर्यंत बघायचं आणि निकाल द्यायचा. "तू शिपाई." आळशाला डुलकी. डॉक्टरीणबाईंच्या लेकीला रुसलेली मुलगी मिळाली, तेव्हा डॉक्टरीणबाई तावातावाने भांडायला आल्या. "तुम्हीही बसा की शेजारी," बाई म्हणाल्या. "तुम्हाला तर शिकवावंही लागणार नाही."

दहावा तुकडा, 'दिवा मालवताना', मात्र त्यांनी कधीच कुणाला दिला नाही. त्याची पानं पुस्तकातून सोडवून त्यांनी कपाटात कुलपाआड ठेवली होती. बाईंच्या गुरुजींनीही तो त्यांना दिला नव्हता. "तुझ्या हातात माया नाही," एवढंच म्हणाले होते ते, तेही इतर विद्यार्थ्यांसमोर. गुरुजी गेले, पुस्तक बाईंकडे आलं, पण ते वाक्य काही गेलं नाही. रोज सकाळी दार लावून बाई तो तुकडा वाजवत. मधे एका ठिकाणी डाव्या हाताने खालचे सूर अलगद सोडून पार वरच्या एका सुरावर जायचं असतं, तेही आवाज तुटू न देता. तिथे त्या अडत. थोडं मागे येत, पुन्हा अडत, आणि शेवटी चरफडत तो वरचा सूर गाळून पुढे जात.

कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही. वरच्या मजल्यावर बाईंचा भाऊ, भावजय आणि त्यांची लेक राहत. या भाचीला बाईंनी चिमणी दिली होती आणि चिमणीवरच ठेवली होती. तोंडाची टकळी बंद नाही, म्हणून चिमणी. खरं कारण वेगळं होतं: ती भावजयीची मुलगी होती.

आता संगीत महाविद्यालयाची प्रवेश परीक्षा तोंडावर आली. तिथे निवड झाली तर ठीक, नाहीतर पोरीने बापाच्या लोखंडाच्या दुकानात बसायचं, असं घरात ठरलं होतं. भावजय जिना उतरून आली.

"ताई, चिमणी वाजवून कोण घेणार हो तिला? लहान पोरंही वाजवतात ती. दहावा द्या ना."

"तुमच्या लेकीची झेप चिमणीएवढीच आहे," बाई म्हणाल्या. "दुकानात वजनकाटा तरी नीट धरेल का, ते बघा."

भावजय रडत वर गेली. पोरगी मात्र तिथेच उभी राहिली. मग न विचारता पियानोवर बसली आणि तिने 'दिवा मालवताना' सुरू केला.

बाईंच्या अंगाची लाही लाही झाली. कुलूप तर जागच्या जागी होतं! पण पुढच्याच क्षणी त्या कान देऊन ऐकू लागल्या. पोरीच्या हातात तो तुकडा उजळला होता, गुरुजी वाजवत तसा. आणि मग ती जागा आली. पोरगी अडली. थोडी मागे आली, पुन्हा अडली, वरचा सूर गाळला आणि शांतपणे पुढे गेली. शेवटपर्यंत वाजवून तिने हात मांडीवर ठेवले.

"कुणी शिकवलं हे?"

"तूच, आत्या. रोज सकाळी जिन्यात बसून ऐकते. दुपारी तू शाळेत शिकवायला गेलीस की वाजवते."

"आणि मधे थांबलीस ती?"

"तसंच आहे ना ते? थांबायचं, मागे यायचं. मला तीच जागा सगळ्यात आवडते."

आधी बाईंना हायसं वाटलं, खोटं कशाला बोला? हे असं वाजवलं तर परीक्षक पहिल्याच फेरीत हाकलून देतील. आपण तोंड मिटून बसलो की झालं. सुंठीवाचून खोकला गेला. पण पोरीचा चेहरा त्यांना बघवेना. आपली चूक कुणी इतक्या मायेने जपून ठेवावी, याचाच त्यांना भयंकर राग आला, आणि लाजही वाटली.

त्यांनी कपाट उघडलं आणि पानं पियानोवर आपटली. पोरीच्या डाव्या हाताचं बोट धरून त्यांनी वरच्या पट्टीवर दाबलं, दुखेल इतकं.

"इथे सूर आहे. थांबायचं नाही. वाजव."

पोरीने वाजवलं. पहिल्याच खेपेला हात वर गेला, आवाज तुटला नाही. तिने हसून वळून बघितलं.

"आत्या, मग तू का थांबतेस?"

"मला येत नाही म्हणून," बाई म्हणाल्या. "पानं घे आणि वर जा. आणि उद्यापासून सकाळी जिन्यात बसायचं नाही. खाली काही वाजणार नाही."